पदयात्रेचे ‘पाच नियम’: कांदा सोडा, पाण्याचं बघा

धुळ्याहून सप्तशृंगी गडाला पायी निघालेल्या माझ्या मावशीला कुणीतरी ‘उन्हात चालणाऱ्यांसाठी पाच नियम’ पाठवले. तिने ते वाचून झाल्यावर अख्ख्या पदयात्रेच्या ग्रुपवर टाकले. नियम असे: खिशात कांदा ठेवा, उन्हात गार पाणी पिऊ नका आणि तापलेल्या अंगावर अर्धा तास पाणी घालू नका, रक्तवाहिनी फुटते, घाम थांबला की शरीर सरावलं समजा, सकाळीच पॅरासिटामॉल घ्या, रात्री चालू नका.

कांद्यावर वेळ घालवत नाही. जेवणात खा, खिशात ठेवून तो ना सावली देतो ना पाणी.

खरा राग दुसऱ्या नियमाचा. उष्माघातात अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदू गडबडतो. माणूस काहीबाही बोलतो, झोकांड्या खातो, मग शुद्ध जाते. अशा वेळी पहिला उपाय एकच, अंग थंड करणं, आणि तेही जागच्या जागी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचना कुणालाही वाचता येतात: ऊन लागलेल्याला सावलीत आडवं करा, ओल्या फडक्याने अंग पुसत राहा, डोक्यावर साधं पाणी ओता, तापमान उतरवणं हेच मुख्य काम. मेसेज नेमकं हेच करू नका म्हणतो! म्हणजे देवळ्याच्या अलीकडे कुणी कोसळलं तर पाण्याचा कॅन हाताशी असून सगळे घड्याळ बघत उभे राहणार, कारण मोबाइलवर ‘अर्धा तास’ लिहून आलंय. त्या अर्ध्या तासात मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांची वाट लागू शकते. आणि रक्तवाहिनी फुटण्याचं म्हणाल, तर पळताना उष्माघात झालेल्या धावपटूंना चक्क बर्फाच्या पाण्यात बसवतात. त्यानेच ते वाचतात.

एवढं मान्य की घामावाटे मीठही जातं. तासन्‌तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरून त्रास होऊ शकतो. पण त्यावर उतारा ओआरएस, मिठाचं ताक, लिंबूपाणी हा आहे. पाणी तोडणं हा नव्हे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही ओतायचं नाही. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. (मावशी, हे तुला आहे.)

घामाचं तर उलटंच आहे. उन्हाला सरावलेल्या शरीराला घाम लवकर आणि जास्त येतो, आणि तो सराव व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. भर उन्हात चालताना घाम आटला तर ती धोक्याची घंटा, तिथेच थांबा. पण घाम येतोय म्हणून निर्धास्तही राहू नका, चालून-चालून होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलंही असतं. ‘आपण खानदेशी, आपल्याला काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी १६ एप्रिल २०२३ चं खारघर आठवावं, नवी मुंबईतला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा उघड्यावरचा सोहळा. लोक चालत नव्हते, मैदानात बसले होते, पारा चाळिशीच्या आतच होता. सरकारी आकड्यानुसार १४ जण गेले.

पॅरासिटामॉल तापावर चालते, कारण तापात मेंदूच शरीराची पातळी वर नेऊन ठेवतो आणि गोळी ती खाली आणते. उन्हाने तापलेल्या अंगात तसलं काही झालेलं नसतं. गोळी वाया, वर यकृताला ताण.

राहिला रात्रीचा नियम. नाइलाजाने सांगतो, यादीतलं कामाचं वाक्य तेवढंच. अंधारात हायवेवर पदयात्रींना गाड्या उडवतात हे खरं आहे. पण म्हणून मालेगावच्या दुपारी डांबरावर चालायचं? पहाटे चारला निघा, दहाच्या आत सावली गाठा, पुन्हा पाचनंतर चाला. उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंगावर चमकणारी पट्टी, हातात बॅटरी. चैत्र पौर्णिमा जवळ आली की संध्याकाळनंतर चांदणंही असतं. आणि पाण्याची गाडी पुढच्या थांब्यावर चहा टाकायला पळवू नका. ती सगळ्यात मागे, रेंगाळणाऱ्यांच्या पाठोपाठ हवी, नांदुरीच्या चढाला तर हमखास.