ग्रीन टेरर: पांढरा काठ आणि केशरी काठ

ग्रीन टेरर हा टाकीत पाळला जाणारा मासा; त्याच्या शेपटीला आणि पाठीवरच्या पराला पांढरा किंवा केशरी काठ असतो. ‘पांढऱ्या आणि केशरी काठाचे ग्रीन टेरर एकाच जातीचे, फरक फक्त खाद्याचा’ असं सध्या फिरतंय. ते चूक आहे. इक्वाडोर आणि उत्तर पेरूतला अँडिनोअकारा रिव्ह्युलेटस 1860 पासून नोंदलेला आहे. पेरूच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांतला अँडिनोअकारा स्टाल्सबर्गी 2009 मध्ये वेगळी जात म्हणून मांडला गेला. जुन्या लेबलांवर दोघांनाही एकच नाव दिसतं. गोंधळाचं मूळ बहुधा तिथंच.

खाद्याने केशरी रंग गडद होईल, पण खवल्यांची नक्षी उलटी होणार नाही. कल्ल्याच्या मागे, कुशीवरचा एकच खवला नीट पाहा: मध्य गडद आणि कडा फिकट असेल तर रिव्ह्युलेटस, मधोमध फिकट ठिपका आणि कडा गडद असेल तर स्टाल्सबर्गी. नुसत्या काठावर विसंबू नका, काही रिव्ह्युलेटसचाही काठ पांढरा असतो.

पिल्लांवर ही खूण चालत नाही. नव्या टाकीत बिथरलेला मासाही काळवंडतो, त्यामुळे तो स्थिरावल्यावर बघा. शंका राहिली तर जोडी लावू नका. संकराची पिल्लं कुठल्याच नावाने देता येत नाहीत.