"स्ट्रे ३४२" म्हणजे व्हायरस नाही, लॅपटॉप फॉरमॅट मारू नका

काल रात्री मानेवाड्याहून भाचीचा फोन, "मामा, उद्या सी प्रोग्रामिंगचं प्रॅक्टिकल आहे अन लॅपटॉपमध्ये व्हायरस घुसला, बर्डीवर नेऊन फॉरमॅट मारून आणू का?" मग तिच्या क्लासच्या ग्रुपवर फिरून राहिलेला मेसेज पाठवला. त्यात म्हणे, कंपायलरनं (प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) "स्ट्रे ३४२ इन प्रोग्राम", म्हणजे प्रोग्राममध्ये भलतंच चिन्ह पडलंय, असा एरर दाखवला की व्हायरस समजा, फॉरमॅट मारा, कंपायलर नवा टाका, मराठी कीबोर्ड काढा, कॉमेंट (कोडमध्ये समजण्यासाठी लिहिलेल्या टिपा) मराठीत लिहू नका अन पूर्ण प्रोग्राम परत टाईप करा. फर्स्ट इयरची पोरं घाबरून खरंच हे करून राहिली.

व्हायरसचा काहीच संबंध नाही. तिनं नोट्सच्या पीडीएफमधून प्रिंटएफची (स्क्रीनवर मजकूर दाखवणारी) ओळ कॉपी केली होती, त्यातली अवतरणचिन्हं वळलेली होती (वर्डही आपोआप तशी करतो) अन सीला फक्त कीबोर्डवरचं सरळ चिन्ह चालते. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत) ते सुरुवातीचं वळलेलं चिन्ह तीन बाईटचं, म्हणजे तीन आकड्यांचं, २२६, १२८, १५६. जुना जीसीसी (सीचा एक कंपायलर) तेच ऑक्टलमध्ये, म्हणजे आठवर आधारलेल्या आकडेपद्धतीत, छापतो, ३४२, २००, २३४. म्हणजे एरर तीन दिसले तरी चूक एकच, अन लाईन नंबर समोरच लिहिलेला असतो, तो काहून वाचत नाही कोणी? फॉरमॅट मारून पेनड्राईव्हवरून तीच फाईल उघडली तर तोच एरर येणार. कंपायलर नवा टाकला तरी तेच.

खरी चीड आली ती मराठीच्या मुद्द्याची. यूटीएफ-८ चं स्पेक (नियमांचा दस्तऐवज), आरएफसी ३६२९, २००३ पासून सगळ्यांसाठी उघडं आहे, त्यातल्या नियमानं हिशोब करून पाहा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर २२४ या बाईटनं सुरू होते, ऑक्टलमध्ये ३४०. मराठी अक्षरानं एरर आला असता तर ३४० दिसलं असतं! कॉमेंटमधलं तर कंपायलर सोडूनच देतो. हां, कीबोर्ड मराठीवर राहिला अन कोडमध्ये देवनागरी आकडा पडला तर एरर येते, तेवढं मान्य. पण त्यासाठी कीबोर्ड इंग्रजीवर घ्या ना, काढून काय टाकता.

परत टाईप केल्यानं एरर जातो हेही खरं, कारण ते चिन्ह जाते, पण त्यासाठी ऐंशी ओळी कशाला? वळलेलं चिन्ह कॉपी करून फाईंडमध्ये टाका, रिप्लेसमध्ये सरळ चिन्ह, रिप्लेस ऑल. शेवटच्या चिन्हासाठी वेगळं करा, एररमध्ये त्याचा तिसरा आकडा २३५ असतो. एररमध्ये ३०२ अन २४० दिसलं तर ती वेबपेजवरून आलेली वेगळी स्पेस आहे, नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही, तेवढी खोडून स्पेसबार दाबा.

भाचीचं काम फोनवरच झालं. मेसेज वाचून घाबरून तिनं सगळ्या मराठी कॉमेंट खोडल्या होत्या, त्या मी परत टाकायला लावल्या, अन प्रोग्राम त्यांच्यासकट कंपाईल झाला.