बालीचा यजमान इतकाही भोळा नाही

बालीबद्दल एक विधान सर्रास फिरतं: तिथल्या कथा-कादंबऱ्यांत स्थानिक माणूस कायम भोळा, परदेशी पाहुणा कायम लुटारू, आणि हे सगळं पर्यटन बोकाळल्यानंतरचं रडगाणं. पुस्तकं उघडली की मात्र पंचाईत होते.

भोळेपणापासून सुरू करू. कादंबरीकार पांजी तिस्ना हे उत्तर बालीतल्या बुलेलेंगच्या राजघराण्यातले. देनपसारचं बाली हॉटेल १९२८ला सुरू झालं. गोरे प्रवासी जहाजांनी 'स्वर्ग' बघायला येऊ लागले होते. त्याच काळात, १९३६ साली, तिस्नांची सुक्रेनी नावाच्या बाली मुलीवरची कादंबरी आली. तिच्यात मेन नेगारा ही खानावळवाली आहे. धंद्यावर पोलीस अधिकाऱ्याची मर्जी राहावी म्हणून ती दारात आलेली परकी पोर त्याच्या तावडीत देते. ती आपलीच लेक, हे तिला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. अधिकारीही बालीचाच. या पापाला गोऱ्या माणसाची गरजच पडलेली नाही. आणि गंमत बघा, पुढे १९५०च्या दशकात लोव्हिनाच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी निवास उभारला तो याच लेखकाने. आदरातिथ्याचा हिशेब त्यांना कुणी शिकवायला नको होता.

'लुटारू पाहुणा' म्हणाल, तर बाली लेखक मादे सांग्रांची, ताम्पाकसिरिंग या बालीतल्या गावी झालेल्या भेटीची कथा वाचा. डच राणी ज्युलियाना १९७१ला इंडोनेशियात आल्या, त्या दौऱ्याच्या निमित्ताने आलेला डच तरुण आणि लुह राय ही बाली मुलगी यांचा जीव जडतो. पुढे उलगडतं की दोघं भावंडं आहेत. आता यात लुटलं कोणी? डच वसाहतीच्या काळातलं नातंच पर्यटकाच्या रूपात दारात येऊन उभं राहतं. शिवाय ही कथा बाली भाषेत लिहिलेली, म्हणजे पर्यटकाला ऐकवायची तक्रार नव्हेच. हे घरातलं बोलणं.

रडगाण्याचं म्हणाल, तर ओका रुस्मिनींची २०००ची 'तारियान बुमी' ही कादंबरी पुरे. ब्राह्मण तेलागा शूद्र चित्रकाराशी लग्न करते आणि घराला मुकते. भांडण जातीशी आहे, विमानतळाशी नाही.

पर्यटनाने जमिनी गिळल्या, हा राग खरा आहे. पण इंडोनेशियात परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. पूर्ण मालकीच्या कागदावर कुणीतरी स्थानिक लागतोच. त्या कुणीतरीला वगळून लिहिलेली गोष्ट पर्यटनाच्या माहितीपत्रकाच्याच जातीची, फक्त सूर रडका.