ग्रंथीचा आळस आणि माझा

माणूस मुळातच आळशी असला की त्याच्या थायरॉइडचा आळस कोणाच्या लक्षात येत नाही. भर उन्हाळ्यात मी पांघरूण लपेटून बसू लागलो, आवाज घोगरा झाला, कातडी कोरडी पडली, भुवयांची बाहेरची टोके विरळ झाली. तरीही घरच्यांनी या सगळ्याला ‘स्वभाव’ म्हटले आणि पहिल्या डॉक्टरांनी ‘वय’. दुसऱ्यांनी रोज तासभर चालायला सांगितले. तासभर चालण्याची ताकद असती, तर मी त्यांच्याकडे कशाला गेलो असतो?

अखेर रक्त तपासले आणि टीएसएच (थायरॉइडशी संबंधित एक संप्रेरक) 14 निघाला. तो साधारण 0.4 ते 4 च्या दरम्यान असावा लागतो. ‘एवढा वाढलाय, म्हणजे थायरॉइड जोरात चालत असेल,’ असे म्हणून मेहुण्यांनी माझे अभिनंदनच केले. प्रत्यक्षात टीएसएच थायरॉइडचा नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो आणि झोपलेल्या पोराला उठवणाऱ्या आईच्या आवाजासारखा असतो: पोरगे जितके ढिम्म, तितका आवाज चढा.

मला थायरॉइडच्या संप्रेरकाची 25 मायक्रोग्रॅमची गोळी मिळाली. ग्रंथीने पूर्णच अंग काढून घेतले, तर वजनाच्या दर किलोला सुमारे 1.6 मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे माझ्या 78 किलोंना जवळपास 125. माझी ग्रंथी अजून थोडेफार काम करत होती हे मान्य. पण 25 म्हणजे तिची नुसती समजूत घालणे होते. शिवाय हे औषध शरीरात इतके सावकाश मुरते, की मात्रा पुरते की नाही हे कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. रोगी मंद, औषधही मंद, जोडी जमली.

या आजारात स्मरणशक्ती जाते आणि उपचार मात्र सगळा स्मरणशक्तीवर चालतो. सकाळी बाटली हातात घेऊन मी उभा राही आणि आजची गोळी घेतली की नाही, हे काही केल्या आठवत नसे. मग सगळ्या गोळ्या वर्तमानपत्रावर ओतून मोजायच्या. मोजल्या की 61 भरत. पण काल किती होत्या?

दोन महिन्यांनी टीएसएच 7 आला. ‘निम्म्यावर आला, उत्तम!’ डॉक्टर अहवालाकडे पाहत म्हणाले. स्वेटर घालून समोर बसलेल्या माझ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलेही नाही. आईचा आवाज आता शेजाऱ्यांपर्यंत जात नव्हता इतकेच. पोरगे अजून झोपलेलेच होते. इंग्लंडमध्ये 1891 साली जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून याच आजाराच्या एका बाईला बरे केले आणि ती पुढे 28 वर्षे जगली. तेव्हा टीएसएच मोजण्याची सोयच नव्हती, त्यामुळे डॉक्टरांना नाइलाजाने रोग्याकडे पाहावे लागे.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी खरोखरच पाहिले. त्यांनी घोट्यामागे रबरी हातोडी मारली. पाऊल उडाले आणि मग सरकारी फायलीसारखे रमतगमत जागेवर आले. ‘गोळी कशी घेता?’ त्यांनी विचारले. मी अभिमानाने सांगितले, ‘रोज न चुकता, कॉफीबरोबर. कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात उरकतो.’ बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर अर्धा ते एक तास कॉफी नाही आणि कॅल्शियम चार तासांनी, हे मला पहिल्याच दिवशी सांगितले होते म्हणे. सांगितले असेलही, माझ्या लक्षात कसे राहणार! मात्रा मात्र त्यांनी 75 केली, म्हणजे दोष सर्वस्वी माझा नव्हता, हे मी घरी तीनदा सांगितले.

पुढच्या तपासणीत टीएसएच 1.8 निघाला. स्वेटर कपाटात गेला, आवाज सुटला, पाऊलही वेळच्या वेळी परतू लागले. गेले वर्षभर ‘बरा झालो की आवरतो’ म्हणून ठेवलेला माळा मात्र तसाच आहे, आणि तो अहवाल मी अजून बायकोला दाखवलेला नाही.