प्यायला तो, जाब मला

नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून आला, काही महिने छान राहिला आणि परत प्यायला, की भावकीत आणि सोसायटीत पहिला प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. बायकोला विचारतात. "काय गं, भांडण झालं का? पैसे कशाला ठेवलेस त्याच्या खिशात? लग्नाला एकटं कशाला सोडलंस?" आमच्याकडे दारू सुटणं आणि परत सुरू होणं एकापेक्षा जास्त वेळा झालंय आणि दर वेळी हा जाब मलाच द्यावा लागलाय. इथून पुढे देणार नाही. का देणार नाही ते जरा सविस्तर लिहिते. नवऱ्याला विचारून लिहितेय. "लिही, माझ्यासारखे पुष्कळ आहेत," म्हणाला.

व्यसन त्याचं, उपचार त्याचे, आणि परत घेतली तर तीही त्याची. मी सोबत करीन, केंद्रात भेटायला जाईन, डॉक्टरांची फी भरीन. पहारा देणार नाही. तो घसरला म्हणून माझं आणि मुलांचं आयुष्यही त्याच्यासोबत खाली यावं, हे मला मान्य नाही. एवढं बोललं तरी लोकांना वाटतं बाई दगड झाली. दगड झाले असते तर आज हे लिहीत बसले नसते.

दारूचं व्यसन हा आजार आहे असं आता सगळे म्हणतात, मानत मात्र फार थोडे. व्यसनांवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या सरकारी संस्थेचे आकडे बघा. उपचारानंतर परत व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के. आणि त्याच तक्त्यात शेजारी बीपी आणि दम्याचे पेशंट आहेत, त्यांच्यात आजार परत उचल खाण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के. बीपीच्या गोळ्या बंद करून चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या बायकोला कुणी कोपऱ्यात घेऊन विचारतं का, की तू त्याला सुखात ठेवत नाहीस का म्हणून? आपण त्याला दवाखान्यात नेतो, डॉक्टर डोस बदलतात, विषय संपला. दारूच्या रिलॅप्सलाही, म्हणजे ती परत सुरू झाली तरी, तेच करायचं असतं. समुपदेशकाला फोन, गरज असली तर परत ॲडमिट, औषधं बदलून बघायची, बंद पडलेला फॉलोअप चालू करायचा. आधीचे उपचार पाण्यात गेले असं अजिबात नसतं. पहिल्या खेपेला आमच्या घरात सोबर, म्हणजे दारूशिवाय, राहणं म्हणजे काय हेच कुणाला माहीत नव्हतं. आता तो स्वतः म्हणतो, "मला घसरण चार-पाच दिवस आधी कळते." चिडचिड वाढते, दारू सोडलेल्यांच्या गटाची (अल्कोहोलिक्स अनॉनिमसची) मीटिंग टाळली जाते, जुन्या मित्राचा फोन उगाच बराच वेळ चालतो. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चार गोष्टी सांभाळ असं मीटिंगमध्ये सांगतात, ते त्याला आता पटलंय.

हे शिकायच्या आधी आमच्याकडे जे जे करतात ते सगळं झालं. देवासमोर शपथ झाली. आषाढीला माळ झाली. माळेबद्दल मला मनापासून आदर आहे, आमच्या घरात वारी आहे, आणि माळ घालून कायमचे सुटलेले दोघे-तिघे मी जवळून पाहिलेत. पण रोजची भरपूर दारू असलेला माणूस एका दिवसात बंद करतो तेव्हा शरीरात काय होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या रात्री हात थरथरत होते, चहाचा कप धरवत नव्हता. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला तो पलंगावर बसून चादरीवरच्या मुंग्या वेचत होता. चादर स्वच्छ होती. एक एक मुंगी चिमटीत धरून तो खाली टाकत होता आणि मला म्हणत होता, "दिवा लाव, भिंतीवर पण चढल्यात." अंगाला दरदरून घाम, आणि मी कोण आहे हेही मधेच ओळखेना. सकाळी घरातल्या मोठ्या माणसांचं ठरलं की हे बाहेरचं आहे, अमक्या गावाला न्या. दिराने ऐकलं नाही, सरळ गाडी काढली आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

हे मुद्दाम एवढं लिहिलं, कारण ही पोस्ट वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात उद्या हेच होणार आहे. रोज जास्त पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. दवाखान्यात त्यासाठी औषधं असतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, चार-पाच दिवसांत माणूस बऱ्यापैकी सावरतो. सोडायची तर डॉक्टरांना सांगून सोडायची. माळ त्यानंतरही घालता येते.

दुसरी गोष्ट एसटी स्टँडच्या भिंतीवरची. "पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा." भाजीत पावडर टाका, चहात टाका. त्यात काय असतं कुणी सांगत नाही. काही ठिकाणी डायसल्फिरामची गोळी कुटून देतात. हे खरं औषध आहे, डॉक्टरही देतात, पण पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊन, हृदय आणि लिव्हर तपासून. दारू शरीरात मोडते तेव्हा मधेच ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. ही गोळी ते द्रव्य पुढे मोडू देत नाही. वर दारू पडली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही की आपल्या पोटात काय गेलंय, तो नेहमीसारखा जाऊन पिणार आणि हार्ट नाजूक असेल तर तिथेच संपणार. बायकोच्या हातून नवऱ्याच्या ताटात असली पावडर टाकून घेणाऱ्यांची मला भयंकर चीड येते. तिच्या अगतिकतेवर ते दुकान चालवतात. ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, हे मात्र किती घरांत माहीत असतं?

आता पहाऱ्याबद्दल. आम्ही व्यसनींच्या बायका आमच्या गटाच्या मीटिंगला जमतो तेव्हा कुणाच्या घरी बाटली कुठे सापडली हे निघतंच. तांदळाच्या डब्यात, फ्लशच्या टाकीत, गाडीच्या डिकीत, पोराच्या जुन्या दप्तरात. कुणी तोंडाचा वास घेते, कुणी पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटवर उभी राहते, कुणी दर तासाला व्हिडिओ कॉल लावते. यातल्या एकीच्याही नवऱ्याची दारू पहाऱ्याने सुटलेली मी पाहिली नाही. त्याला प्यायची असली की तो जागा शोधतोच, आणि बाईची झोप, पाठ, नोकरी, पोरांवरचं लक्ष सगळं त्या शोधाशोधीत जातं. वर पकडला की तो म्हणतो, "तू संशय घेतेस म्हणून पितो." घ्या! पहारा देऊन त्याला कारण आयतं मिळतं.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस अमेरिकेत १९३५ ला सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये व्यसनींच्या घरच्यांसाठी अल-अनॉन सुरू केलं. या बाईंचा एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. नवरा सोबर झालेला, रोज मीटिंगला जाणारा, सगळं हवं तसं झालेलं. एक दिवस तो म्हणाला, चल लवकर, मीटिंगला उशीर होतोय, आणि यांनी हातातला बूट त्याच्यावर फेकला. नवऱ्याची दारू सुटली तरी आपल्या आत बरंच काही साचून राहिलंय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. अल-अनॉनमध्ये तीन गोष्टी सांगतात: हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुझ्या ताब्यात येणारं नाही, तुझ्याने बरं होणारं नाही. पहिली गोष्ट ऐकून मला रडू आलं होतं. तिसरी पटायला फार वेळ गेला.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पाठबळ दिलं. तिथे बायकांसाठी सहचरी गट आहे. पेशंटच्या बायकोलाही उपचारांची गरज असते, हे इतक्या वर्षांपूर्वी ओळखणाऱ्या अनिताताईंचे आपल्यावर उपकार आहेत. माझ्या ओळखीच्या दोघीजणी या गटाने उभ्या राहिल्या. आपापल्या जिल्ह्यात असा गट असेल तर शोधा. नवरा उपचार घेत नसला तरी जा. नवऱ्याच्या परवानगीची तिथे गरज नसते. केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मारहाण करणारी, डांबून ठेवणारी ठिकाणं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला बंदी आहे आणि दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक त्रासही या कायद्यात येतात. घरच्यांना भेटू देत नसतील तर पेशंट तिथे ठेवू नका.

आमच्या घरात आता काही गोष्टी ठरलेल्या आहेत. त्या रात्री बोलून ठरवल्या नाहीत, प्यायलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे स्वतःचं बीपी वाढवणं. सकाळी, तो शुद्धीत असताना, एकदाच, आवाज न चढवता सांगितल्या. प्यायलास तर मुलांच्या खोलीत यायचं नाही. प्यायलेला असताना मुलं तुझ्या गाडीवर बसणार नाहीत. ऑफिसला "त्यांना ताप आहे" असा फोन मी करणार नाही. उधारी मी फेडणार नाही. आणि हात उचललास तर मी त्याच दिवशी तक्रार देईन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बायकोला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, गरज पडली तर कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. पैसे अडवणं, दागिने विकणं हेही त्या कायद्यात हिंसाच धरलंय. हे मी त्याला घाबरवायला सांगितलं नाही, मला माहीत आहे एवढंच कळवलं.

पैशाचं वेगळं सांगते, कारण त्यावर बायका बोलत नाहीत. माझा पगार माझ्या एकटीच्या खात्यात येतो, मुलांची फी त्यातूनच जाते. तो सोबर असताना त्याने स्वतःहून आयुर्विमा घेतला, तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली. पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं. मग त्या पैशांवर नवऱ्याला कर्ज देणाऱ्यांना हात टाकता येत नाही. व्यसनी माणसाच्या मागे कर्ज किती निघेल याचा नेम नसतो. एजंट हे आपण होऊन सांगत नाहीत, विचारावं लागतं.

मुलांबद्दल लिहिताना हात अडतो. माझी मुलगी बाबांची गाडी आली की खिडकीशी जात नाही, अभ्यासाच्या टेबलाशीच थांबून ऐकते. स्टँड एका झटक्यात लागलं तर वही पुढे चालू. दोन-तीनदा खरखर झाली तर वही मिटून भावाला घेऊन आत. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. मुलांना कळत नाही असं समजून जी घरं गप्प बसतात, त्या घरातली मुलं स्वतःलाच दोष देत बसतात. आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितलं की बाबांना आजार आहे, त्यांचे उपचार चालू आहेत, तुझ्या मार्कांमुळे किंवा तुझ्या भांडणामुळे ते पीत नाहीत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "हे मैत्रिणीला सांगितलं तर चालेल का?" आम्ही हो म्हटलं.

"सोडून का देत नाहीस?" हा प्रश्न "सांभाळून घे गं" इतकाच मला नको झालाय. मी अजून राहतेय, कारण तो उपचारांना नाही म्हणत नाही, हात उचललेला नाही आणि सोबर असतो तेव्हा मला आवडणारा माणूस असतो. आमच्या गटातली एकजण मुलाला घेऊन बाहेर पडली आणि शिवणकामावर घर चालवते. तिचंही बरोबर आहे. या निर्णयाची परीक्षा घ्यायचा अधिकार बाहेरच्यांना नाही.

दारूबंदीवर आपल्याकडे तावातावाने चर्चा होते. गडचिरोलीत १९९३ मध्ये झाली, चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली, दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहिली गेली. पण केंद्रातून घरी आलेल्या माणसाला पुढची दोन-तीन वर्षं तालुक्याच्या गावात फॉलोअप कुठे मिळणार, यावर कोण बोलतं? केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत मदतीची गरज असलेले दारू पिणारे साधारण पावणेसहा कोटी निघाले. तेवढी घरं आहेत ही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक बसले तरी आमच्यासारख्यांची जिल्ह्याच्या ठिकाणची फेरी वाचेल.

नातेवाइकांना एक विनंती. घरी परत काही झालं कळलं तर बायपास झालेल्या माणसाकडे जाता तसे या. डबा आणा, मुलांना दोन दिवस घेऊन जा. गटारीला, एकतीस डिसेंबरला "एकाने काय होतंय" म्हणत ग्लास पुढे करणारा भाऊ असेल तर त्याला चारचौघांत थांबवा.

सध्या तो घेत नाही. "आता कायमची सुटली ना?" असं विचारतात, तेव्हा मी "आज घेतलेली नाही" एवढंच सांगते. पुढच्या महिन्यात माझं ऑफिसचं ट्रेनिंग आहे, चार दिवस नागपूरला. मागे अशी दोन ट्रेनिंग मी नाकारली होती. या वेळी नाव दिलंय, तिकीटही काढलंय. मुलं मावशीकडे राहतील, तो घरी असेल, त्याच्या समुपदेशकाचा नंबर त्याच्याकडे आहे.

बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, आणि घरात मारहाण होत असेल तर १८१. मला लिहायचं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, खाली कॉमेंटमध्ये नाव-गाव टाकू नका. उत्तर द्यायला रात्री उशीर होतो, पण देते.