दोन चमचे, रात्री झोपताना

काल मेडिकलमध्ये माझ्या पोटाची भर गर्दीत चौकशी झाली. माझं पोट ठणठणीत आहे. कोरडा होता तो भाजी चिरायचा लाकडी बोर्ड. नवाकोरा, आणि त्याला आधी तेल पाजावं लागतं. स्वयंपाकाचं तेल चालत नाही, ते लाकडात मुरून खवट होतं आणि मग कापाल त्या फळाला तोच वास. मिनरल ऑइल खवट होत नाही, त्याला रंग नाही, वास नाही, आणि मेडिकलमध्ये ते लिक्विड पॅराफिन म्हणून मिळतं. पोट साफ व्हायला देतात ते. हे मला माहीत होतं हो, पण रांगेत मागे कोण उभं असेल ते कुठे माहीत असतं!

दुकानदाराने विचारलं, "किती दिवसांपासून?"

मी आपली भाबडी, म्हटलं, "परवापासून. पण फारच कोरडा आहे."

मागून एक काकू पुढे सरकल्या. "अगं, पाणीच पीत नसशील तू. आजकालच्या पोरी!"

"काकू, मला नकोय ते, लाकडासाठी हवंय."

"लाकडासारखं झालंय?" काकूंचा आवाज चढला. "मग दोन चमच्यांनी काय होणार गं! अहो, हिला मोठी बाटली द्या."

रांगेतल्या एका काकांनी मोबाईलमधून मान वर काढली. मी घाईघाईने सांगायला लागले की चॉपिंग बोर्ड आहे, लाकूड वाळलं की तडकतं, तेल मुरलं की पाणी कमी शोषतं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लाजायचं काय त्यात? आमची भाचीपण मैत्रिणीसाठी पाहिजे म्हणायची." मग भाचीचा पूर्ण इतिहास, कोमट पाणी, सकाळी उठून चालणं, आणि "जोर नाही करायचा हं". दुकानदार हसत नव्हता, तो गंभीरपणे मान डोलवत होता, ते जास्त लागलं मला. सुट्टे पैसे देताना म्हणतो, "आठवड्यात फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा." कोणाला दाखवू, सुताराला?

आणि हे सगळं का, तर बोर्ड विकणारे काहीच सांगत नाहीत म्हणून. खोक्यावर फक्त "ओल्या कापडाने पुसा". काचेचा बोर्ड सर्रास विकतात, त्यावर सुरीची धार बघता बघता जाते, ते कोणी सांगत नाही. बांबूचा म्हणजे लाकूडच असं ठोकून देतात, बांबू गवत आहे, आणि सुरीला कडकच. सागाला पाणी लागलेलं चालतं पण त्यात सिलिका असते, वाळूत असते तीच, धार तीही खाते. मेपलचं लाकूड चांगलं. त्यातही तंतू उभे ठेवून जोडलेला बोर्ड सगळ्यात भारी, सुरी तंतूंच्या मध्ये शिरते आणि चरे कमी दिसतात. महाग असतो पण. मी आडव्या तंतूंचा घेतला.

घरी आले तर नवरा म्हणतो, प्लॅस्टिकचा घ्यायचा ना, लाकडात जंतू राहतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर नावाच्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात नेमकं हेच तपासलं. लाकडावर सोडलेले जीवाणू आत शोषले गेले आणि पुन्हा वाढलेले सापडले नाहीत, उलट सुरीचे चरे पडलेलं प्लॅस्टिक हाताने धुऊन नीट साफ होईना. हे मी सगळं तावातावाने सांगितलं. तो म्हणाला "बरं", आणि रात्री जेवणानंतर तोच बोर्ड सिंकमध्ये पाण्यात आडवा टाकून झोपायला गेला.

एका बाजूने पाणी प्यायला की ती बाजू फुगते आणि बोर्ड वाकतो. वाकलाच. आता ओट्यावर ठेवला की कांदा कापताना टकटक डुगडुगतो. उभा ठेवून वाळवतेय, दोन्ही बाजूंनी वारा लागला तर कदाचित येईल सरळ, आणि मग परत तेल, दोन्हीकडे सारखंच, रात्रभर मुरवून सकाळी पुसायचं. म्हणजे बाटली लवकरच संपणार. ऑनलाइन बघितलं तर हेच तेल "बोर्ड ऑइल" म्हणून देखण्या बाटलीत, वर झाडाचं चित्र, आणि किंमत वाट्टेल ती. शुद्ध लूट आहे. मागवलंय मी.