किती टक्क्यांना क्लोज झालं?

"ताई, तुमच्या गावातलं ते कॉलेज किती टक्क्यांना क्लोज होतं गं?"

साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा तिचा पहिला प्रश्न हाच होता. भाचा यंदा बारावीला आहे. त्याला इतिहास आवडतो आणि गणितही आवडतं. दोन्ही एकत्र कुठे शिकता येतील हे तो रात्री जागून शोधत असतो. तसं शोधतानाच एक दिवस त्याला मावशीच्याच गावाचं नाव दिसलं. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं वॉटरव्हिल आणि तिथलं कोल्बी कॉलेज.

"सात-आठ," मी म्हटलं. पलीकडे शांतता पसरली. मग मी फोड करून सांगितलं. शंभर मुलांनी अर्ज केले, तर सात-आठ जणांना होकार मिळतो. "अगं बाई, म्हणजे फारच चांगलं असणार," ती म्हणाली.

ते 'म्हणजे' मला रात्रभर टोचत राहिलं. आपल्याकडे टक्का जितका वर, तितकं कॉलेज मोठं. इथे टक्का जितका खाली, तितकं मोठं. दिशा उलट असली तरी मोजमाप तेच: दाराबाहेर किती जण राहिले?

मी २००६ मध्ये लग्न होऊन इथे आले आणि तेव्हापासून गावातल्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. वॉटरव्हिलची वस्ती जेमतेम सोळा हजार. केनेबेक नदीच्या काठावर एकेकाळी कापडाच्या गिरण्या होत्या आणि हॅथवे शर्टांचा नावाजलेला कारखाना होता. तो कारखाना २००२ मध्ये बंद पडला. मी आले तेव्हा मेन स्ट्रीटवर रिकाम्या खिडक्याच जास्त दिसायच्या. इचलकरंजी-सोलापूरची माणसं या गावात आली असती, तर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नसतं. कॉलेज मात्र तेव्हाही होतं. १८१३ साली स्थापन झालेलं, मेफ्लॉवर हिल नावाच्या टेकडीवर, लाल विटांच्या इमारतींचं. मुलं जेमतेम दोन हजार. त्या काळी तीन-चार अर्जांमागे एकाला प्रवेश मिळायचा.

२०१४ मध्ये डेव्हिड ग्रीन कोल्बीचे अध्यक्ष झाले. त्या सुमारास कॉलेजकडे पाच हजारांवर अर्ज येत आणि शंभरातल्या सुमारे अठ्ठावीस जणांना होकार मिळे. दहा वर्षांत अर्ज सतरा हजारांच्या पुढे गेले. पहिल्या वर्षाच्या जागा थोड्या वाढल्या, पण पाचशे-सहाशेच्या घरातच राहिल्या. अठ्ठावीसचे सात-आठ कसे झाले, हे या गणितातच दिसतं.

अर्ज एवढे का वाढले? कॉलेजने अर्जाची फी काढून टाकली. कोल्बीसाठी वेगळा निबंध लिहायची अट काढली. २०१८ पासून सॅट-एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण दाखवणं ऐच्छिक केलं. यातलं प्रत्येक पाऊल गरीब घरातल्या मुलाच्या सोयीचं आहे, आणि मी त्याचं मनापासून स्वागत करते. अर्जाची फी भरायला पैसे नाहीत म्हणून कुणाचं पोर मागे राहू नये. पण त्याच सोयीमुळे ज्याने एरवी अर्जच केला नसता, असाही मुलगा एक बटण दाबून अर्ज करतो. त्याला नकार मिळतो आणि त्याच्या नकाराने टक्का आणखी घसरतो. पुढच्या वर्षी तो घसरलेला टक्का वाचून आणखी हजारभर मुलं अर्ज करतात. एवढ्या अवधीत टेकडीवरच्या वर्गांमध्ये काय बदललं, याचा या आकड्याशी काहीही संबंध नाही.

यात 'अर्ली डिसिजन'ची भर आहे. नोव्हेंबरात किंवा जानेवारीत मुलाने लिहून द्यायचं की तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याकडेच येईन, बाकीचे अर्ज मागे घेईन. कॉलेजला खात्रीची मुलं मिळतात, त्यामुळे थोड्या होकारांत जागा भरतात. पण असा शब्द बिनघोर कोण देऊ शकतं? ज्याला चार कॉलेजांचे आर्थिक मदतीचे आकडे समोर ठेवून तुलना करायची गरज नाही, तो. वर्षाचा एकूण खर्च ८५ हजार डॉलरच्या वर गेला आहे, हे लक्षात घेतलं की बाकीचं समजायला वेळ लागत नाही.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेले आकडे २०१७ मध्ये बाहेर आले. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करांच्या नोंदींवरून अमेरिकेतल्या कॉलेजांत कुठल्या घरांतली मुलं शिकतात ते शोधून काढलं. कोल्बीत २०१३ च्या आसपास पदवी घेणाऱ्या मुलांपैकी वीस टक्क्यांहून अधिक मुलं देशातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली होती. उत्पन्नाच्या तळाकडच्या साठ टक्के घरांतली मुलं सुमारे अकरा टक्के. वरच्या एक टक्क्यातली मुलं तळाच्या साठ टक्क्यांतल्या मुलांपेक्षा जास्त, अशी अवस्था देशातल्या अडतीस कॉलेजांची होती आणि त्यांत माझ्या गावचं कॉलेज वरच्या नंबरांत होतं. ज्या रस्त्याने मी रोज कामाला जाते, त्याच्या एका टोकाला बंद पडलेली गिरणी आणि दुसऱ्या टोकाला हे.

कॉलेजने त्यानंतर बरंच केलं, तेही सांगायला हवं. मदतीतला कर्जाचा भाग २००८ पासूनच काढून त्याजागी अनुदान दिलं जात होतं. आता वर्षाला ७५ हजार डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या कुटुंबाकडून कॉलेज आईवडिलांच्या वाट्याचं काही मागत नाही. गावातही पैसा ओतला. मेन स्ट्रीटवर २०१८ मध्ये दोनशे मुलांचं वसतिगृह बांधलं, पुढे हॉटेल आणि कलाकेंद्र उभं केलं. रिकाम्या खिडक्यांत आता दिवे लागतात. घरभाडी परवडेनाशी झाली, असं माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायका सांगतात. त्याही खोटं बोलत नाहीत.

आता टेकडीवरच्या त्या वर्गांबद्दल. इथे दहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक आहे. पदवीच्या पुढचे विद्यार्थीच नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलालाही प्राध्यापक स्वतः शिकवतात, संशोधन करणाऱ्या एखाद्या शिष्यावर सोपवून मोकळे होत नाहीत. वर्गात पंधरा-वीस मुलं. कोण गप्प बसलंय, कुणी धडा वाचून आलेलं नाही, हे लपत नाही. जानेवारीचा पूर्ण महिना एकाच विषयाला देतात. त्याला 'जॅन प्लॅन' म्हणतात आणि तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. आमच्या शेजारी भाड्याने राहणारी एक मुलगी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. तिने एका जानेवारीत लोहारकाम शिकलं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि ही भट्टीपुढे घाम गाळतेय. तिने स्वतः घडवलेला आकडा आमच्या स्वयंपाकघरात सांडशी अडकवायला आहे. ती सांगायची, "माझे सर मला ऑफिसात बोलावून विचारतात, पुढे काय वाचतेयस?"

मला हेवा वाटतो तो या वाक्याचा. कोल्बी चारातल्या एकाला घेत होतं तेव्हाही सर हे विचारायचे. टक्का सातावर आला म्हणून ते जास्त आपुलकीने विचारायला लागले नाहीत. कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या यू.एस. न्यूजनेसुद्धा २०१८ मध्ये प्रवेशाचा टक्का आपल्या क्रमवारीच्या हिशेबातून काढून टाकला. लोकांच्या तोंडून मात्र तो गेला नाही.

माझे बाबा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा व शिका'तून शिकले. रयत शिक्षण संस्थेने ते कॉलेज १९४७ मध्ये काढलं. बाबांचं गाव माण तालुक्यात, दुष्काळी. घरातून एक रुपयाही येण्यासारखा नव्हता. सकाळी बागेत पाणी घालायचं, खडी फोडायची, मग वर्गात जाऊन बसायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला संस्था सुरू केली. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटात अन्न जावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. घरोघरच्या बायकांनी दळणातून मूठ-मूठ धान्य बाजूला काढलं. आमच्या घरी ही गोष्ट जेवताना सांगितली जायची, आणि ताटात काही टाकलं की हमखास.

वॉटरव्हिलची गोष्ट समजली तेव्हा मला याच मुठीची आठवण झाली. जुनं कॉलेज रेल्वेमार्ग आणि नदी यांच्या बेचक्यात अडकलं होतं. महामंदी सुरू झाली त्या सुमारास ते हलवायचं ठरलं आणि राजधानी ऑगस्टाने जागा देऊ केली. कॉलेज जाणार म्हटल्यावर वॉटरव्हिलच्या लोकांनी त्या कडकीतही एक लाख डॉलरवर रक्कम गोळा केली, मेफ्लॉवर हिलची जमीन घेतली आणि १९३१ मध्ये कॉलेजच्या नावावर करून दिली. ती टेकडी या गावाची देणगी आहे. आज त्या टेकडीवर मूल पाठवण्याचं स्वप्न बघणाऱ्यांमध्ये गावातली घरं थोडीच आहेत. सतरा हजार अर्जांच्या बातमीत मला ही गोष्ट कधी वाचायला मिळाली नाही.

इकडे घरच्या ग्रुपवर वेगळंच रण माजलेलं असतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चं. चार वर्षांची पदवी, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह. मामा म्हणतात, आता आपली मुलंही परदेशासारखी शिकतील. माझा चुलतभाऊ म्हणतो, लिबरल आर्ट्स, म्हणजे कोल्बीसारखं अनेक विषय मिळून शिकणं, ही पैसेवाल्यांची हौस आहे, लवळ्यातल्या नाहीतर सोनीपतच्या खासगी विद्यापीठांत लाखांनी फी भरणाऱ्यांनी करावी, आपल्या पोरांनी नीट आणि जेईईच्या मागे लागावं. लातूरला गेलेल्या मुलांची उदाहरणं निघतात. अकरावीला नाव एका कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासला, याची आता कुणाला लाजही वाटत नाही. पाल्याने दोन वर्षांत एकदाही कॉलेजची पायरी चढली नाही, हे पालक अभिमानाने सांगतात.

मामांना मी लिहिलं: मेजर-मायनर हा तक्ता आहे, तो एका रात्रीत छापता येतो. तो तक्ता ज्याच्या जिवावर चालायचा तो प्राध्यापक कुठे आहे? महाराष्ट्रात हजारो मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत आणि त्या जागी तासिका तत्त्वावर माणसं शिकवतात. नेट-सेट झालेली, काही पीएचडी केलेली. तासाला ठरलेले पैसे, तेही महिनोन्महिने उशिरा. सुट्टीत काहीच नाही. अशा माणसाने कुणाला ऑफिसात बोलावून पुढे काय वाचतोयस म्हणून विचारायचं? त्याला ऑफिसच नाही. बसायला खुर्ची मिळाली तरी पुष्कळ.

चुलतभावालाही मला सांगायचं होतं. लहान वर्ग, ओळखणारे सर आणि हाताला काम ही पैसेवाल्यांची हौस कधीच नव्हती. आपल्याच जिल्ह्यात, जेवायला भाकरी नसलेल्या मुलांसाठी, लोकांनी मुठीने धान्य घालून हे उभं केलं होतं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तो स्वतः शाळेत रोज भिंतीवर वाचत होता. अमेरिकेतल्या श्रीमंत कॉलेजाला आज गरीब मुलं आणण्यासाठी देणग्या मागाव्या लागतात. आपण सुरुवातच गरीब मुलांपासून केली होती आणि मग मास्तरच काढून घेतले. हे लिहिताना माझा हात थरथरत होता. ग्रुपवर कुणी उत्तर दिलं नाही. बहिणीने तेवढा अंगठा दाखवला.

कोल्बीला अर्ज कर किंवा करू नकोस, असं मी भाच्याला सांगितलेलं नाही. मुळशीतल्या पौडजवळच्या यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजसारख्या ठिकाणांहून निघालेल्या मुलांना २००० पासून डेव्हिस शिष्यवृत्तीतून इथे यायला मिळतं. पण भाचा तिथला विद्यार्थी नाही. त्याने अर्ज केला, तर सात-आठांत तो असेल की नाही हे कोण सांगणार? मी त्याला एकच काम दिलं. घराजवळच्या कॉलेजात जा, इतिहासाचा विभाग शोध आणि तिथे पूर्णवेळ शिकवणारे किती जण आहेत ते विचारून ये. किती टक्क्यांना क्लोज झालं ते विचारू नकोस.

तो आईची स्कूटी घेऊन गेला आणि रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. चार पदं मंजूर, एक भरलेलं. उरलेल्या तीन जागांवर तासिका तत्त्वावरची माणसं. त्यातल्या एका सरांच्या वर्गात तो विनापरवानगी मागे जाऊन बसला. मराठ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीवर तास चालू होता. सरांनी फळ्यावर वसुलीचे हिशेब मांडून दाखवले. इतिहास आणि गणित एकाच फळ्यावर. तास संपल्यावर भाच्याने भीत भीत शंका विचारली. सरांना दुपारी कोरेगावच्या कॉलेजात दुसरा तास होता, थांबायला वेळ नव्हता.

"मग?" मी विचारलं.

"मग ते म्हणाले, चल स्टँडपर्यंत. स्कूटी तिथेच ठेवून मी चालत गेलो त्यांच्याबरोबर. एसटी लागलेली होती तरी त्यांनी ती सोडली, मावशी. पुढच्या गाडीने गेले."